वाकवलेला पत्रा ताठ का होतो?

पुण्याहून सोलापूरकडे जाताना माढा तालुक्यात टेंभुर्णी लागते. येथून एक रस्ता पंढरपूरकडे, तर दुसरा कुर्डुवाडी-बार्शीकडे जातो. जवळच भीमा नदीवर उजनी धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झाले आणि आसपासचे बरेचसे शिवार उसाखाली आले. गाळपाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळपासून पहाटेपर्यंत या रस्त्यांवर ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग असते. एका ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात आणि वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर.

आता मागून ताशी ८० किलोमीटर वेगाने एखादी मोटार येत आहे असे समजा. ट्रॉलीचा वेग १५ धरला तर दोहोंतील अंतर ताशी ६५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १८ मीटर या वेगाने कमी होते. ट्रॉली ४० मीटरांवर असताना प्रथम दिसली, तर चालकाच्या हाती सव्वादोन सेकंदही नसतात. त्यातील सेकंद-दीड सेकंद पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. म्हणून ट्रॉलीच्या मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतही वाहनांच्या मागे रिफ्लेक्टर असण्याची सक्ती आहे.

रिफ्लेक्टरवर पडलेला प्रकाश, तो ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. मात्र प्रकाश फार तिरपा आला नाही तरच हे साधते. रिफ्लेक्टर खाली जमिनीकडे कलला तर त्याचा काही उपयोग होत नाही. आणि तो कलतो किंवा गळून पडतो, याचे कारण पुष्कळदा रिफ्लेक्टरमध्ये नसतेच. ज्या वाकवलेल्या पट्टीवर तो बसवलेला असतो, ती पट्टी वाकते किंवा तुटते.

या पट्टीला कारखान्यात ब्रॅकेट म्हणतात. गणितात आपण ज्याला कंस म्हणतो त्याचेही इंग्रजी नाव हेच. मात्र 'दिव्याचा कंस द्या' असे टेंभुर्णीच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात कोणी म्हणत नाही, म्हणून आपणही ब्रॅकेट हाच शब्द वापरू. एक वस्तू दुसरीला धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. पंख्याचा रेग्युलेटर, मोटारीची बॅटरी, सौर पंपाचा कंट्रोलर, शाळेतील फळी असे काहीही उचलून पाहा, पाठीमागे एखादा ब्रॅकेट सापडेलच. ट्रॉलीच्या दिव्यासाठी असा एक ब्रॅकेट आपण कागदावर तयार करू आणि तो कारखान्यातून कसा करून घ्यायचा तेही पाहू.

पोस्टकार्डाचा पूल

आधी एक प्रयोग करा. दोन पुस्तके दहा सेंटिमीटर अंतरावर ठेवा आणि त्यांवर एक पोस्टकार्ड आडवे टाका. मध्ये एक-दोन नाणी ठेवताच ते खचते. आता त्याच पोस्टकार्डाच्या दोन्ही लांब कडा सेंटिमीटरभर वर दुमडा व ते पन्हळीसारखे करून पुन्हा ठेवा. आता किती नाणी राहतात ते मोजा. कागद तोच, वजन तेच, तरीही ताठपणा कितीतरी वाढला.

असे का होते? पट्टी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. दोहोंच्या मध्ये एक थर असा असतो की तो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. त्याला तटस्थ थर म्हणतात. जो पदार्थ या थराच्या अगदी जवळ असतो तो वाकण्याला फारसा विरोध करत नाही. विरोध करतो तो थरापासून दूर असलेला पदार्थ आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कडा दुमडल्या म्हणजे काही पदार्थ आपण तटस्थ थरापासून दूर नेला, इतकेच.

पोलादाच्या पट्टीसाठी हिशेब करून पाहू. पट्टी ४० मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड आहे. सपाट पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध रुंदी गुणिले जाडीचा घन भागिले १२ या सूत्राने मोजतात. तो येतो ९० (एकक मि.मी. चा चौथा घात). आता तिच्या दोन्ही बाजूंना १७ मि.मी. उंचीच्या कडा उभ्या केल्या, तर हाच आकडा सुमारे ८,०६० होतो! पदार्थ दुपटीहून कमी लागला, पण ताठपणा जवळजवळ ९० पट झाला. सपाट पट्टी जाड करून एवढा ताठपणा आणायचा असता तर जाडी साडेतेरा मि.मी. घ्यावी लागली असती आणि वजन साडेचार पट झाले असते. कणखरपणा, म्हणजे किती ओझ्याला पट्टी कायमची वाकेल ही मर्यादा, मात्र ९० पट वाढत नाही. ती वाढते साडेनऊ-दहा पट. ताठपणा आणि कणखरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे, कारण पुढे अनेक पुस्तकांतही त्यांची सरमिसळ आढळते.

घरांवर घातलेला पन्हळी पत्रा याच तत्त्वावर चालतो. लंडनच्या हेन्‍री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली त्याचे पेटंट घेतले होते.

बार्शी लाइटच्या डब्यांखाली

वाकवलेल्या पत्र्याचा एक मोठा आणि जुना दाखला टेंभुर्णीच्या अगदी शेजारी आहे. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीची, म्हणजे ७६२ मि.मी. गेजची छोटी रेल्वे १८९७ साली सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. आज हा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे, पण पंढरीच्या वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या 'बार्शी लाइट'नेच गेल्या.

ही रेल्वे आखणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता होता. त्याच्यापुढचा प्रश्न पैशाचा होता. रूळ हलके घेतले तर खर्च वाचतो, पण हलके रूळ जड गाड्या सोसत नाहीत. म्हणून त्याने असे ठरवले की कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही. मग एका यार्डाला ३० पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो वजनाचे रूळ पुरतात. परंतु डब्याचे स्वतःचेच वजन जास्त असेल तर ५ टनांत माल किती मावणार? तेव्हा डबा हलका पाहिजे आणि मजबूतही पाहिजे.

त्या काळी डब्याखालची चौकट लाकडाची, किंवा लोखंडी अँगल व पट्ट्या रिव्हेटांनी जोडून केलेली असे. कॅलथ्रॉपने बार्शी लाइटच्या डब्यांसाठी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी वापरल्या. इंग्लंडमधील लीड्स फोर्ज कंपनी ही अशा कामासाठी प्रसिद्ध होती. तिचा संस्थापक सॅम्सन फॉक्स याने १८७७ साली बॉयलरमधील आगीच्या नळीला पन्हळी आकार देण्याचे पेटंट घेतले होते. पन्हळीमुळे पातळ नळीही बाहेरचा वाफेचा दाब सोसते. तीच दृष्टी त्याने १८८० च्या दशकात रेल्वेच्या चौकटींकडे वळवली. तापवलेला पत्रा मोठ्या दाबयंत्रात घालून त्याच्या कडा दुमडायच्या, म्हणजे अँगल आणि रिव्हेट यांचे काम एकाच पत्र्यात होते. आपल्या पोस्टकार्डाची ही थोरली भावंडेच म्हणायची. चौकट हलकी झाल्यामुळे माल जास्त आणि रूळ हलके. बार्शीचा कापूस व धान्य त्यामुळे स्वस्तात वाहून नेता आले.

ब्रॅकेट कोठे तुटतो?

आता आपल्या दिव्याकडे वळू. दिवा, रिफ्लेक्टर आणि त्यांची पाटी मिळून वजन १ किलो धरू. ब्रॅकेटची एक बाजू उभी, ६० मि.मी. लांब. ती दोन बोल्टांनी ट्रॉलीला लागेल. दुसरी बाजू आडवी, १०० मि.मी. लांब. तिच्या टोकाला दिवा. पट्टी मघाचीच, ४० रुंद व ३ जाड.

ट्रॉली उभी असताना कोपऱ्यातील पोलादावर येणारा ताण काढला तर तो चौरस मि.मी. ला सुमारे १६ न्यूटन येतो. साधे पोलाद कायमचे वाकू लागते ते सुमारे २५० न्यूटनला. म्हणजे पंधरा पट सुरक्षितता! मग ब्रॅकेट तुटतोच कसा?

ट्रॉली उभी नसते, हे पहिले कारण. खड्ड्यातून जाताना दिवा क्षणभर त्याच्या वजनाच्या अनेक पट जोराने खाली खेचला जातो. ही पट ५ धरली तर ताण सुमारे ८२ होतो. शिवाय कोपरा अगदी धारदार असेल तर ताण तेथे गोळा होतो आणि दुपटी-अडीचपटीने वाढतो. म्हणजे २०० च्या आसपास.

तरीही तो २५० च्या आतच आहे. पण लोखंडी तार आपण हाताने कशी तोडतो ते आठवा. ओढून ती तुटत नाही, मागे-पुढे वाकवली की तुटते. वारंवार येणाऱ्या ताणाने धातू थकतो. जर्मनीत ऑगस्ट व्होलर याने १८५० ते १८७० च्या दरम्यान रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून हे दाखवून दिले. गुळगुळीत नमुना असेल तर पोलाद त्याच्या तुटण्याच्या ताणाच्या साधारण निम्मा ताण, म्हणजे आपल्या साध्या पोलादाच्या बाबतीत सुमारे २०० न्यूटन, कितीही वेळा सोसू शकते. गंज, ओरखडा किंवा कापलेल्या कडेची खरखर असली की ही मर्यादा पुष्कळ खाली येते. समजा, एका खेपेला दोन तास लागतात आणि सेकंदाला पाच हिसके बसतात. एका खेपेत ३६,००० हिसके झाले. हंगामात शंभर खेपा केल्या तर ३६ लाख. सगळेच हिसके मोठे नसतात, पण तडा जायला सगळे मोठे असण्याची गरजही नसते.

आणखी एक शत्रू आहे तो कंपनाचा. टोकाला वजन असलेली पट्टी म्हणजे टेबलाच्या कडेला धरून वाजवलेली पट्टीच. तिची स्वतःची अशी एक कंपनसंख्या असते. आपल्या ब्रॅकेटची गणिताने येते सेकंदाला ३७. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर ते सेकंदाला ३३ होतात. म्हणजे हाच ब्रॅकेट ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवला तर तो इंजिनाच्या सुराशी जवळजवळ सूर जुळवून बसेल आणि दिवा थरथरत राहील. ट्रॉलीवर चाललेला ब्रॅकेट ट्रॅक्टरवर महिन्याभरात का तुटतो, याचे उत्तर अशा ठिकाणी शोधावे. ताठपणा वाढवला की कंपनसंख्या वाढते आणि ती इंजिनाच्या आवाक्यापलीकडे नेता येते.

तेव्हा कडा दुमडू या, असे तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा. आडव्या बाजूच्या कडा वर दुमडल्या तरी कोपऱ्याच्या बाकाजवळ येताच त्या थांबतात. बाकात पट्टी पुन्हा सपाटच राहते आणि सर्वांत जास्त ताण तर तेथेच असतो! हात पैलवानाचा आणि खांदा पोराचा, अशी स्थिती. यावर दोन उपाय आहेत. कडा पुढे नेऊन उभ्या बाजूला वेल्ड करायच्या, हा एक. दुसरा अधिक सोपा आहे. बाकाच्या मधोमध आतल्या अंगाने एक तिकोनी खोबण दाबून काढायची. घरातील पोलादी रॅकचे किंवा फळीचे स्वस्त ब्रॅकेट पाहा, कोपऱ्यात असा एक चेपा दिसेल. तो चुकून पडलेला नसतो. त्याच्यामुळे बाकातला पदार्थ तटस्थ थरापासून दूर जातो. माझ्या मते एका ठोक्यात होणारे इतके गुणकारी काम पत्र्याच्या धंद्यात दुसरे नाही.

एकशे साठ की एकशे पंचावन्न?

उभी बाजू ६० आणि आडवी १००, दोन्ही मापे बाहेरून घेतलेली. मग पट्टी किती लांब कापावी? बहुतेक विद्यार्थी १६० म्हणतील. तशी कापली तर ब्रॅकेटची एखादी बाजू ५ मि.मी. लांब होईल आणि भोके जागेवर येणार नाहीत.

बाक हा टोकदार कोपरा नसतो, ते वर्तुळाचे एक चतुर्थांश असते. बाकाची आतली त्रिज्या ३ मि.मी. घेऊ. जाडी ३, म्हणून बाहेरची त्रिज्या ६. आतल्या कमानीची लांबी ४.७ मि.मी. आणि बाहेरच्या कमानीची ९.४ मि.मी. येते. वाकवण्याआधी दोन्ही बाजू सारख्याच होत्या. म्हणजे बाहेरची ताणली गेली आणि आतली आकसली. लांबी बदलली नाही ती फक्त तटस्थ थराची. तेव्हा मोजायचा तो हा थर.

तो अगदी मध्यावर असेल असे वाटते, पण एवढ्या मोठ्या वाकण्यात तो थोडा आत सरकतो. साध्या पोलादासाठी आतल्या पृष्ठापासून जाडीच्या सुमारे ०.४२ पट अंतरावर तो धरतात. म्हणजे त्रिज्या ३ + १.२६ = ४.२६ मि.मी. या कमानीची लांबी ६.७ मि.मी. भरते. सरळ भाग उरले ते ५४ आणि ९४ मि.मी. (प्रत्येक बाजूतून बाहेरची त्रिज्या ६ वजा केली). बेरीज १५४.७, म्हणजे जवळजवळ १५५ मि.मी.

पाच मिलिमीटरांनी काय बिघडते? अडीच मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद पत्रा घेतला तर लांबीत १५५ चे १६ तुकडे बसतात, १६० चे १५ च. रुंदीत ४० मि.मी. च्या ३१ ओळी. म्हणजे एका पत्र्यात ४९६ ऐवजी ४६५ ब्रॅकेट. एकतीस ब्रॅकेटांचा पत्रा भंगारात जाईल, शिवाय उरलेलेही मापात नसतील ते वेगळेच.

तुकडे पत्र्याच्या लांबीच्या दिशेनेच कापायचे, आडवे नाहीत. हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पत्रा रोलरांमधून लाटताना त्याची लांबी वाढते आणि पोलादातले कण व मळ त्या दिशेने लांबटतात. वर्तमानपत्राचा कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, तसा काहीसा गुण पत्र्यातही असतो. बाकाची रेषा लाटण्याच्या दिशेला आडवी पडली तर बाक निर्धास्त पडतो. ती त्याच दिशेला समांतर आली तर बाहेरच्या, खूप ताणलेल्या थरात बारीक चिरा पडण्याचा धोका असतो. त्रिज्या जाडीपेक्षा कमी घेतली तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून मऊ पोलादाला आतली त्रिज्या निदान जाडीइतकी द्यावी.

प्रेस ब्रेकवर

पत्रा वाकवणाऱ्या यंत्राला प्रेस ब्रेक म्हणतात, आणि दुकानात नुसते बेंडिंग मशीन. खाली 'व्ही' आकाराची खाच असलेला डाय, वर सुरीसारखा पंच. मध्ये पत्रा ठेवला की पंच खाली येतो. खाचेचे तोंड जाडीच्या आठपट, म्हणजे आपल्या पत्र्यासाठी २४ मि.मी. घेण्याची पद्धत आहे. आपली ४० मि.मी. रुंद पट्टी वाकवायला पाऊण-एक टनाच्या वजनाइतका जोर लागतो. खाचेच्या दोन्ही काठांवर पत्रा टेकलाच पाहिजे, नाहीतर तो आत घसरतो. म्हणून २४ च्या खाचेवर सुमारे १७ मि.मी. पेक्षा लहान कड दुमडता येत नाही. मघाशी कडांची एकूण उंची २० मि.मी. घेतली होती ती ही अडचण डोळ्यांपुढे ठेवून. कागदावर पाच मि.मी. ची सुबक कड काढणारा चित्रकार आणि ती वाकवू न शकणारा कारागीर यांचे भांडण पत्र्याच्या प्रत्येक दुकानात कधी ना कधी होते.

पंच वर उचलला की पत्रा थोडा परत उघडतो. स्प्रिंग जशी सोडल्यावर उघडते तसे. पोलादाचा जो भाग कायमचा वाकलेला नसतो तो पूर्वस्थितीला येऊ पाहतो. म्हणून ९० अंश हवे असतील तर कारागीर ८९ किंवा ८८ पर्यंत वाकवतो. स्टेनलेस पोलाद जास्त उघडते, म्हणून त्याला आणखी दाबावे लागते. नेमके किती, हे पहिले दोन-चार तुकडे वाकवून गुण्या लावूनच ठरते.

भोके आधी पाडायची की नंतर? सपाट तुकड्यात पाडणे सोपे आणि स्वस्त. पण भोक बाकाच्या फार जवळ असेल तर वाकताना ते ताणले जाऊन अंड्याच्या आकाराचे होते. त्रिज्या अधिक जाडीच्या अडीचपट, म्हणजे येथे बाकाच्या आतल्या बाजूपासून दहा-साडेदहा मि.मी. अंतर सोडले की भय नाही.

करून घेताना

ब्रॅकेट दहा हवे असतील तर लेसरने कापून प्रेस ब्रेकवर वाकवणे परवडते. हजारो हवे असतील तर डाय करून पॉवर प्रेसवर काढणे स्वस्त. सीमारेषा कोठे, हे साध्या बीजगणिताने कळते. समजण्यापुरते आकडे घेऊ. डायचा खर्च ४०,००० रुपये, मग एका ब्रॅकेटला ६ रुपये. डायशिवाय एका ब्रॅकेटला २२ रुपये. प्रत्येकामागे १६ रुपये वाचतात, म्हणून ४०,००० भागिले १६ = २,५०० ब्रॅकेटांनंतर डाय परवडू लागतो. पण घाई करू नये. डाय झाल्यावर भोक दोन मि.मी. सरकवायचे ठरले तर पुन्हा खर्च. आधी पन्नास लेसरने करून ट्रॉल्यांवर चालवून पाहावेत हे बरे.

डावा आणि उजवा असे दोन ब्रॅकेट करण्याचा मोहही टाळावा. भोके मध्यरेषेवर घेतली तर एकच ब्रॅकेट दोन्ही बाजूंना चालतो, एकच डाय पुरतो आणि दुरुस्तीच्या वेळी चुकीचा ब्रॅकेट हाती येत नाही.

कारखान्याला द्यायचे चित्र पुरे असले पाहिजे. पत्रा कोणता, हे त्यावर हवे. भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. १०७९ हे गरम लाटलेल्या पत्र्यासाठी आणि आय.एस. ५१३ हे थंड लाटलेल्या पत्र्यासाठी आहे. जाडी, आतली त्रिज्या, लाटण्याची दिशा आणि बाक आत की बाहेर हेही लिहावे. सर्व मापे एकाच कडेपासून द्यावीत. पहिल्या भोकापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे अशी दिली तर प्रत्येकाची चूक पुढच्यात मिसळत जाते. आपल्याकडे अभियांत्रिकी चित्रात प्रथम कोन प्रक्षेप वापरतात, अमेरिकेत तृतीय कोन. परदेशी चित्र पाहून काम करताना हा फरक विसरला तर आरशातल्यासारखा उलटा ब्रॅकेट तयार होतो!

शिवाय प्रत्येक मापाला सूट हवी. शंभर टक्के अचूक माप कोणीच काढू शकत नाही आणि ज्याची गरज नाही अशा अचूकतेचे पैसे मात्र मोजावे लागतात. ८ मि.मी. च्या बोल्टाला भोक ९ मि.मी. चे ठेवतात ते याचसाठी. दोन भोकांपैकी एक लांबट ठेवले तर ट्रॉलीवरचे भोक अर्धा-एक मि.मी. इकडेतिकडे असले तरी बोल्ट बसतो. दिव्याच्या भोकांत अर्ध्या मि.मी. ने काही अडत नाही. काटकोन मात्र राखला पाहिजे, कारण तो दोन-चार अंशांनी चुकला की रिफ्लेक्टरची पाटी तेवढीच कलते, आणि पुढे हिसक्यांनी ती आणखी कलायची असते.

गंजाचा विचार शेवटी करण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. उसाचा रस, धूळ, ओलावा आणि कधी खतांची वाहतूक, एवढे सगळे ट्रॉलीवर येते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेऊन ब्रॅकेट केला तर कापलेल्या कडा आणि भोके उघडी राहतात. जस्त स्वतः झिजून शेजारच्या पोलादाला वाचवते, त्यामुळे पातळ कडांचे काही प्रमाणात भागते. परंतु ३ मि.मी. च्या कडेला आणि बाकातील ताणलेल्या मुलाम्याला ते पुरेसे नाही. त्यापेक्षा ब्रॅकेट पूर्ण वाकवून, भोके पाडून झाल्यावर सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवावा. जस्ताचा थर भोकांतही बसतो आणि ती किंचित लहान होतात, हे ९ मि.मी. ठरवताना लक्षात घ्यावे लागते.

माल आला की मोजणी. हजार ब्रॅकेटांतली भोके व्हर्नियरने मोजत बसण्यापेक्षा एक लोखंडी पाटी घ्यावी, तिच्यावर दोन खुंट्या आणि काटकोनात एक भिंत उभी करावी. ब्रॅकेट खुंट्यांवर बसला आणि भिंतीला टेकला तर पास. शाळेत पुठ्ठ्याचा ब्रॅकेट करणाऱ्यांनी अशी पाटी लाकडाच्या फळीवर दोन खिळे ठोकून करावी. पुठ्ठ्याची जाडी मोजा, आतली त्रिज्या पेन्सिलीच्या जाडीवरून ठरवा, कापायची लांबी आधी गणिताने काढा आणि मग वाकवून मोजा. पुठ्ठा पोलाद नव्हे, त्यामुळे ०.४२ हा आकडा त्याला लागू पडणार नाही. तुमच्या पुठ्ठ्याचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल.

पहिले पन्नास ब्रॅकेट ट्रॉल्यांवर चढले की महिन्याभराने त्यांची तपासणी करायची. दिवा पेटतो की नाही हे पाहून भागत नाही. ब्रॅकेट सोडवून घ्यावा, कोपरा रॉकेलने पुसावा, मग त्यावर खडूची पूड पाण्यात कालवून पातळ लावावी आणि वाळू द्यावी. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर एक काळपट रेष उमटते. ही रेष बहुधा बाकाच्या वरच्या अंगाला, नाहीतर बोल्टाच्या भोकापासून कडेकडे गेलेली सापडते.